अस्सल बरहुकूम

महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात, ज्याला तालुक्याच्या गावी सगळेजण रेकॉर्ड रूमच म्हणतात, काम करणाऱ्या माणसाचा दिवस हजेरीपटाप्रमाणे पावणेदहाला सुरू होतो आणि सव्वासहाला संपतो. माझा दिवस मात्र त्याच्या कितीतरी आधी नाट्यसंगीताने उघडतो आणि रात्री जुन्या दूरदर्शनच्या एखाद्या कृष्णधवल कार्यक्रमाने मिटतो. हा क्रम विरंगुळ्यासाठी म्हणून सुरू झाला खरा; परंतु या दोन वेळांच्या श्रवणावाचून मला मधल्या वेळचे कागद इतक्या जिव्हाळ्याने वाचता आले नसते, असे आता माझे निश्चित मत झाले आहे.

सकाळी मी बहुधा बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणे लावतो. रंगभूमीवर जे पद प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’च्या आग्रहाने पुनःपुन्हा उमलत राही, ते मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे, विस्तार आवरायचा, आलापी सोडून द्यायची, पण शब्दाचा उच्चार आणि समेवर येण्याचा डौल यांत तिळभर तडजोड करायची नाही, अशी ती विलक्षण काटकसर असे. 1916 च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी बांधलेल्या चाली त्या खरखरीतून वर येताना ऐकल्या, की एका पिढीचा उच्चार, तिचा दम, शब्दाशेवटी थांबण्याची तिची रीत कानात मुरते. पुढे दिवसभर जे वाचायचे असते, ते त्याच पिढीच्या हातचे असते.

वाचायचे काय, ते सांगतो. नकलेचा अर्ज कोर्ट फी मुद्रांक लावून येतो, नोंदवहीत चढतो, आणि गाव, सर्व्हे नंबर व साल एवढ्या दुव्यावर त्या गावाचा रुमाल शोधायचा असतो. रुमाल म्हणजे दप्तर बांधण्याचा जाड कापडाचा चौकोन. त्याच्या गाठी वर्षानुवर्षांच्या ओढीने इतक्या घट्ट झालेल्या असतात, की नखांनीच सोडवाव्या लागतात. आत फेरफाराच्या वह्या, कडईपत्रके, पाहणीपत्रके, आणि अलीकडे ज्यांच्यासाठी सर्वांत अधिक गर्दी होते ती कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची नोंद. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या व विमुक्त जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो; त्यामुळे मुलाच्या प्रवेशासाठी धावपळ करणारा बाप प्रत्यक्षात आपल्या आज्याच्या किंवा पणज्याच्या शोधात आलेला असतो. खिडकीशी एखादे म्हातारे गृहस्थ दोन्ही हातांनी गज धरून विचारतात, “भाऊसाहेब, आज्याचं नाव गावलं का?” त्या प्रश्नापुढे मला अन्य कोणतेही काम मोठे वाटत नाही.

नाव गवसणे सोपे नसते. जुन्या नोंदी मोडीत आहेत. लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर गुंफीत जाई. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, वेलांट्या बहुधा दीर्घ आणि उकार बहुधा ऱ्हस्व. अशा ओळीत शब्द कोठे तुटतो हे डोळ्यांना कळण्याआधी कानांना कळते, असा माझा अनुभव आहे. ओळ मनात न अडखळता, एका श्वासात म्हणून पाहावी. जेथे बोलणारा माणूस थांबला असता तेथेच शब्द संपलेला आढळतो. कागदाच्या कडा बोटाला लागताच भुरभुरतात, म्हणून पान खालून तळहाताचा आधार देऊन उलटावे लागते; आणि मग अंगठ्याचा एक डाग दिसतो, शेजारी कारकुनाने लिहिलेली “निशाणी अंगठा” ही अक्षरे, आणि बापाच्या मागे आठ गुंठ्यांवर नाव लागलेला कोणी मुलगा.

नक्कल उतरली, की रुजुवात. एकाने अस्सल मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे. एकर-गुंठे, रुपये-आणे-पै, वारसांची नावे, सारे सावकाश, एकाच स्वरात. आमच्या खोलीत हे वाचन माझ्याकडे असते. शेवटी अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तीन तारखा, नक्कल करणाराची व रुजुवात घेणाराची सही, आणि “अस्सल बरहुकूम खरी नक्कल” हा शेरा. फारशीचा पोशाख अंगावर वागवणारे हे वाक्य लिहिताना मला आजही अभिमान वाटतो.

एकदा 1921 च्या फेरफाराचे वाचन करताना त्या सालाने मला एकदम थांबविले. त्याच वर्षी 8 जुलैला मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. तीन महिन्यांच्या आत केशवराव निवर्तले. महाराष्ट्राने ज्या रात्रीचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या केले, त्या रात्रीचा एक स्वरही उरला नाही. आणि त्याच पावसाळ्यात कोणा अप्रसिद्ध विधवेचे नाव अमुक गुंठ्यांना लागल्याची नोंद मात्र शाई न पुसता माझ्यापुढे होती. काय टिकावे आणि काय जावे, याचा हिशेब थोरवीच्या क्रमाने होत नाही. जे टिकावे, ते कोणालातरी जपावे लागते.

रात्रीच्या दूरदर्शनाने हीच रुखरुख वाढविली आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. ‘गजरा’, ‘आमची माती, आमची माणसं’, आणि चि. वि. जोशींच्या कथांवरचे, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांचे ‘चिमणराव’ याच केंद्राचे. साधे नेपथ्य, स्थिर कॅमेरा, आणि बोलणाऱ्याला वाक्य पुरे करू देण्याचा संयम. सकाळच्या पदांतला दम येथे गद्यात भेटतो. बांधावर उभा राहून सावकाश बोलणारा त्या काळचा शेतकरी पडद्यावर पाहिला, की सत्तरच्या दशकातल्या सातबाऱ्यावरच्या नावांना चेहरा येतो. पण टेप महाग, म्हणून तिच्यावरच पुन्हा ध्वनिचित्रमुद्रण होई; आरंभीच्या काळातले पुष्कळ काम त्यात पुसले गेले. ते पुसणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण तो अधिकार थोड्या प्रमाणात माझ्याही हाती आहे. आमच्याकडे ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’चे तीस वर्षे आणि ‘ड’चे एक वर्ष ठेवायचे असतात, मुदत संपली, की नाशाची यादी तयार होते. ती यादी केवळ शीर्षके पाहून पुढे पाठविण्याची सवय कित्येक दप्तरांत आहे. मी प्रत्येक संचिका उघडतो, पान न पान वाचतो, आणि तगाद्याच्या जाडजूड गठ्ठ्यात चुकून शिरलेला एखादा वारसाचा जबाब किंवा जन्माचा उतारा सापडला, की तो काढून ‘अ’ वर्गात लावण्याची टिप्पणी वरिष्ठांकडे पाठवितो. यामुळे यादीला उशीर होतो, आणि मासिक बैठकीत त्याचा जाब द्यावा लागतो. तो मी देतो, आणि पुढच्या गठ्ठ्याची गाठ सोडतो.