मुख्याध्यापकाची सही

शिक्षक म्हणून एकोणीस वर्षे काढल्यानंतर २०११ साली माझ्याकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार आला. 'आला' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरीत आहे. मी तो मागितला नव्हता. मराठवाड्यातील डोंगराळ भागात आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवीचे वर्ग आणि आम्ही तीन शिक्षक. दीडशेहून अधिक पट असल्याखेरीज प्राथमिक शाळेस कायद्याने स्वतंत्र मुख्याध्यापक मिळत नाही. त्यामुळे तिघांतील ज्येष्ठाने वर्गही सांभाळावा आणि खुर्चीही, अशी व्यवस्था होती. आधीच्या गुरुजींनी एका सकाळी शिक्के, किल्ल्यांचा जुडगा, जनरल रजिस्टर आणि दोन पासबुके माझ्या स्वाधीन केली. यादीवर सह्या झाल्या आणि ते मोटारसायकलला किक मारून निघून गेले. शिकवावे कसे, हे मला डी.एड.ला सांगितले होते. शाळा चालवावी कशी, हे कोणीच सांगितले नव्हते.

माझे शिक्षण सुरू झाले ते पासबुकांपासून. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असावी लागते. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आमच्या समितीच्या अध्यक्षा ऊसतोड करणाऱ्या एका कुटुंबातील होत्या. बँकेतील खाते त्यांच्या व माझ्या संयुक्त सहीने चाले. त्या साक्षरता वर्गात सही करावयास शिकल्या होत्या. परंतु अक्षरांचे वळण दरवेळी थोडे निराळे पडे. छपराच्या पत्र्यांच्या दुरुस्तीचा पहिला धनादेश 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन परत आला. दुसराही आला. दुरुस्ती करणारा कारागीर रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला.

अखेर आम्ही दोघे एस.टी.ने तालुक्याच्या शाखेत गेलो. अध्यक्षाबाईंचा त्या दिवसाचा रोज बुडाला. तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "ताई, वर्गात गिरवल्यासारखी नको. हात जसा सहज चालतो तशी सही द्या." नमुना सह्या नव्याने घेतल्या गेल्या. त्यानंतर एकही धनादेश परत आला नाही.

परतीच्या प्रवासात अध्यक्षाबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, सही माझी हाय म्हंता ना? मग पैसे कशापायी काढायचे ते आधी सांगत जावा."

मला शरम वाटली. तोवर मी धनादेश पुढे ठेवून फक्त बोटाने जागा दाखवीत होतो. पुढल्या सभेपासून प्रत्येक बिल मोठ्याने वाचण्याचा प्रघात पडला. त्यात वेळ फार जाई आणि मी कित्येकदा मनातून वैतागे, हेही नमूद करावयास हवे. परंतु वर्गखोल्यांच्या रंगाचे दरपत्रक त्यांनी एका सभेत नाकारले. तोच डबा बाजारात कमी दराने मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशीअंती ते खरे निघाले. अडचण एकच उरे: दिवाळी सरली की त्या कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागत आणि उन्हाळ्यापर्यंत खात्याची एक सही गावाबाहेर असे. म्हणून देणी दिवाळीआधी भागविण्याची घाई.

पोषण आहाराचा हिशेब मात्र रोजचाच. दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ. साठ मुले जेवली तर सहा किलो तांदूळ साठ्यातून वजा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेले शालेय भोजन खाऊन २३ मुले दगावली. ती बातमी वाचल्यापासून चव नोंदवहीतील सही करताना माझा हात थबकू लागला. आधी घास, मग सही, हा क्रम मी निवृत्तीपर्यंत मोडला नाही.

परंतु ज्या सहीने मला सर्वांत अधिक छळले ती पटाच्या प्रपत्रावरील. २०१४ च्या सप्टेंबरअखेर आमच्या रजिस्टरवर ६४ नावे होती. पैकी चौघांची कुटुंबे पुण्याकडे बांधकामावर जाऊन तेथेच स्थायिक झाली होती. दाखले कोणी नेले नव्हते. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६१ पासून ९० पर्यंत पटास तीन शिक्षक आणि ६० पर्यंत दोन. अर्थात ती चार नावे म्हणजे एक शिक्षक. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस मुलांच्या बोटांस शाई लावून पटपडताळणी झाली होती, तिची आठवण ताजी होती. पण भीतीपेक्षा मोह मोठा होता. आमचे तिसरे सहकारी तरुण होते आणि पहिलीचा वर्ग त्यांच्याइतका हसतखेळत शिकविणारा माणूस मी पाहिलेला नाही. "सर, नावे खोटी नाहीत, मुले आपलीच आहेत," असे गावातील एक जाणते गृहस्थ मला समजावीत होते. यांत तथ्य नव्हते असे नाही. दाखला न नेलेल्या मुलाचे नाव कमी केले आणि ते उद्या परतले, तर?

मी पुण्याच्या पालकांना दूरध्वनी केले. चौघेही तिकडील शाळांत जात होती. मी ६० लिहिले आणि सही केली.

पुढील वर्षी समायोजनात तरुण सहकारी अतिरिक्त ठरले व तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. गावात मला बोल लागले. अध्यक्षाबाईही महिनाभर फारशा बोलल्या नाहीत. कार्यमुक्तीच्या दिवशी त्या शिक्षकांनी चिंचोके आणि रंगीत खड्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "पहिलीला लागेल," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पहिलीचा वर्ग मी घेतला. डबा उघडून चिंचोके जमिनीवर पसरले. मुले माझ्याकडे पाहत राहिली आणि त्यांतील एकीने विचारले, "आमचे सर कधी येणार?"