दोन्ही बाजूंनी सुलट!

थंडीची चाहूल लागली, की लोकरीचे गुंडे आणि सुया कपाटाबाहेर येतात. पहिलाच मफलर विणणाऱ्याची फजिती मात्र ठरलेली असते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे वीतभर विणून होते आणि कडा वळून कापडाची सुरळी होऊ लागते. गळ्यात घातल्यावर मागची खडबडीत बाजू दिसते ती वेगळीच. यात विणणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. बिघडलेला असतो तो टाक्यांचा तोल.

कडा का वळतात?

सुलट टाक्यात नवा फास जुन्या फासातून मागून पुढे ओढला जातो, उलट टाक्यात पुढून मागे. म्हणजे समोरून सुलट दिसणारा टाका मागून पाहिला, की उलटच असतो. प्रत्येक फासात धागा वाकवलेला असतो आणि तो सरळ होण्याची धडपड करतो. एका बाजूने पाहता सगळेच टाके सुलट असले, की हा जोर एकवटतो. मग उभ्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे येते. निम्मे टाके सुलट, निम्मे उलट आणि तेही नीट मिसळलेले असले, तर हे जोर एकमेकांना तोलून धरतात.

हवालदाराच्या बाहीवर असतात तशा फितींची नागमोडी वीण, म्हणजेच ‘शेवरॉन’, या तोलाचा सुंदर नमुना आहे. तिची वीण आठ टाके आणि आठ ओळींची:

ओळ १ : ४ सुलट, १ उलट, ३ सुलट
ओळ २ : २ उलट, ३ सुलट, ३ उलट
ओळ ३ : २ सुलट, ५ उलट, १ सुलट
ओळ ४ : ७ सुलट, १ उलट
ओळ ५ : ४ उलट, १ सुलट, ३ उलट
ओळ ६ : २ सुलट, ३ उलट, ३ सुलट
ओळ ७ : २ उलट, ५ सुलट, १ उलट
ओळ ८ : ७ उलट, १ सुलट

मफलरसाठी ८ नंबरच्या सुयांवर ४६ टाके घालावेत. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणावेत आणि मधल्या ४० टाक्यांत वरची वीण पाच वेळा घ्यावी. दुसऱ्या ओळीतल्या तीन सुलट टाक्यांपैकी मधला टाका पहिल्या ओळीतल्या एकट्या उलट टाक्यावर बसला, तर मोजणी बरोबर आहे असे समजावे.

एका चौकटीतल्या ६४ टाक्यांपैकी समोरून ३२ सुलट दिसतात, ३२ उलट. मागून पाहिले तर तेच चित्र, फक्त चार ओळी वर सरकलेले. म्हणूनच या मफलरला वाईट बाजू नसते आणि त्याची सुरळीही होत नाही.

धागा तोच, ताण वेगळा

टाक्यांच्या मांडणीने कापडाचा ताणही बदलतो. सुलट-उलट टाक्यांचे उभे पट्टे विणले, तर कापड आडवे खूप ताणते. स्वेटरच्या मनगटाला ही वीण म्हणूनच असते. प्रत्येक ओळ सुलट विणली, तर ते उभे जास्त ताणते. नागमोडी विणीतले पट्टे तिरके असल्याने ती या दोन्हींच्या मधली.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार साध्या विणींचा ताण प्रयोग करून आणि संगणकावर तपासला. २०२४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धागा स्वतः फारसा ताणत नसला, तरी विणलेले कापड ताणते, कारण ताण फासांच्या आकारातून येतो. टाके कुठे कोणते, हे ठरवून कापडाचा मऊपणा आणि कडकपणा आधीच ठरवता येतो, हे या कामाचे सार.

मफलरपासून रक्तवाहिनीपर्यंत

शस्त्रक्रियेत हा प्रश्न जिवाशी येतो. ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डीबेकी यांनी १९५०च्या दशकात डेक्रॉनच्या कापडाची नळी पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवून कृत्रिम रक्तवाहिनी तयार केली होती. आज अशा नळ्या दोन प्रकारच्या असतात. मराठीत दोन्हींना ‘विणलेली’च म्हणतात, पण एक मागासारखी उभ्या-आडव्या धाग्यांची आणि दुसरी स्वेटरसारखी फासांची. फासांची नळी मऊ असते, तिला टाके घालणे सोपे जाते. मात्र रक्ताच्या दाबाने ती काळानुसार जास्त फुगू शकते. मागावरची घट्ट आणि कडक असते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवतात ती जाळीही बहुधा यंत्रावर फासांनी विणलेली असते. पोटाच्या हालचालीबरोबर ती किती ताणावी, हे धाग्याइतकेच तिच्या विणीवरही अवलंबून असते.

सुयांवर चार बोटे नागमोडी वीण झाली, की ती दोन्ही हातांनी आधी आडवी आणि मग उभी ओढून पाहावी. तोच धागा, त्याच सुया, पण ताण दोन्हीकडे वेगळा लागतो. प्रयोगशाळेत मोजतात तो फरक बोटांना तेव्हाच कळतो.