मधले पद फोडायचे कसे?

नांदेडला माझ्या अकरावीच्या वर्गात लातूरहून आलेला एक मुलगा होता. सेकंदाला २३ मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू १२ मीटर उंचीवर केव्हा असेल, असे उदाहरण मी घातले होते. गुरुत्वत्वरण १० मीटर/सेकंद² धरून त्याने समीकरण अचूक मांडले:

५क्ष² − २३क्ष + १२ = ०

येथे क्ष म्हणजे सेकंद. पण पुढे मधले पद फोडण्यासाठी तो अंदाज करीत बसला आणि तास संपला. पदार्थविज्ञान त्याला येत होते. गाडी अडली ती आठवीच्या बीजगणितापाशी.

मधले पद फोडतात ते का, हे आधी पाहू. (२क्ष + ३) आणि (३क्ष + ४) यांचा गुणाकार करा. ६क्ष² + ८क्ष + ९क्ष + १२ मिळेल. टोकांचा गुणाकार ६ × १२ = ७२ आणि मधल्या तुकड्यांचा ८ × ९ = ७२. हा योगायोग नव्हे. ६ म्हणजे २ × ३ व १२ म्हणजे ३ × ४; ८ म्हणजे २ × ४ व ९ म्हणजे ३ × ३. दोन्हीकडे २, ३, ३, ४ याच चार संख्या गुणल्या गेल्या आहेत! म्हणूनच मधल्या पदाचे असे दोन तुकडे हवेत, की ज्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराइतका होईल.

मग ते अंदाजानेच शोधायचे का? मुळीच नाही. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली, की त्यांच्या फरकाचा वर्ग उरतो. आपल्या उदाहरणात बेरीज −२३, गुणाकार ५ × १२ = ६०.

५२९ − २४० = २८९ = १७²

म्हणजे फरक १७. बेरजेत फरक मिळवून निम्मे केले की −३. वजा करून निम्मे केले की −२०. आता,

५क्ष² − २०क्ष − ३क्ष + १२ = (क्ष − ४)(५क्ष − ३)

चेंडू वर जाताना ०.६ सेकंदाला आणि खाली येताना ४ सेकंदांना १२ मीटर उंचीवर असतो.

बेरीज व फरक यांवरून संख्या काढण्याच्या या रीतीला भास्कराचार्यांनी 'लीलावती'त 'संक्रमण' असे नाव दिले आहे. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला, असे सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

आता क्ष² + ५क्ष + ३ घ्या. २५ − १२ = १३. हा पूर्ण वर्ग नाही. तेव्हा पूर्णांकी सहगुणकांचे अवयव येथे मिळणारच नाहीत. कितीही वेळ शोधले तरी! परीक्षेत हे दोन ओळींत कळणे किती मोलाचे, ते सांगायला नकोच.

तर मग ६क्ष² + क्ष − ४० चे अवयव पाडा पाहू. मात्र अंदाज न करता!