पडद्यावरचा सावकार : चित्र, छाया आणि सत्य

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर आणि कथा होती नारायण हरी आपटे यांची. त्या काळातील आपले बहुतेक चित्रपट पुराणकथांत आणि इतिहासातील शौर्यप्रसंगांत रमलेले असत. स्वतः बाबूरावांचा ‘सैरंध्री’ (१९२०) महाभारतातील कथेवर आधारलेला होता. ‘सावकारी पाशा’त मात्र देव नव्हते, राजे नव्हते, चमत्कारही नव्हते. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, एवढीच त्यातील हकीकत. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ अनेक अभ्यासक याच चित्रापासून धरतात.

त्या वास्तवाच्या दुसऱ्या टोकाला सावकार बसलेला होता आणि पुढे तो पडद्यावरून फारसा हललाच नाही. मेहबूब खान यांच्या ‘औरत’ (१९४०) या चित्रपटात त्याचे नाव सुखीलाला होते. सतरा वर्षांनी मेहबूब खान यांनी तीच कथा ‘मदर इंडिया’ (१९५७) या नावाने पुन्हा सांगितली, तेव्हाही सुखीलाला तोच आणि ती भूमिका करणारे कन्हैयालालही तेच. पाचशे रुपयांच्या कर्जाच्या व्याजापोटी तो दरसाल पिकाचा तीनचतुर्थांश वाटा उचलतो. वाद पंचांपुढे जातो आणि निकाल सावकाराच्या बाजूने लागतो. दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांच्या मनात ‘सावकार’ या शब्दाबरोबर हाच चेहरा उभा राहिला.

व्यापारी घरांत हे चित्रपट पाहिले जातात, तेव्हा दोन प्रतिक्रिया उमटतात. दख्खनच्या खेड्यांत सावकारी करणाऱ्यांत गुजराती व मारवाडी व्यापारी पुष्कळ होते, त्यांत जैनही होते. म्हणून या प्रतिक्रिया केवळ प्रेक्षकाच्या राहत नाहीत. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ही बदनामी आहे. अडीनडीला धावून जाणारा, दुष्काळात धान्याचे कोठार उघडणारा सावकार कोणी दाखवत नाही. नवी पिढी म्हणते, चित्रपटात आहे म्हणजे तसेच असणार; आपले पूर्वजही असेच असतील. एकीच्या मनात राग असतो, दुसरीच्या मनात लाज. दोघींनीही एक प्रश्न ओलांडलेला असतो : चित्रपट वास्तव दाखवतो, म्हणजे नेमके काय करतो?

छाया खोटी नसते

चित्रपटाला वास्तवाशी जोडणारा पहिला धागा प्रकाशाचा आहे. चित्रकार झोपडी रंगवतो, तेव्हा ती त्याच्या मनातून आणि हातातून कागदावर उतरते. कॅमेऱ्यासमोरची झोपडी मात्र स्वतःवर पडलेला प्रकाश परत पाठवते आणि तो प्रकाशच फिल्मवर आपला ठसा उमटवतो. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच गोष्टीवर बोट ठेवले. वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्यामध्ये माणसाचा हात येत नाही, म्हणूनच छायाचित्रावर आपला विश्वास इतक्या सहजतेने बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची गुहा आहे. तिच्यात जखडलेले बंदिवान भिंतीवर हलणाऱ्या सावल्या पाहतात आणि त्यांनाच जग समजतात. काळोख्या चित्रपटगृहाची तुलना या गुहेशी अनेकांनी केली आहे. या दृष्टीने छाया म्हणजे फसवणूक आणि ज्ञान म्हणजे छायेकडे पाठ फिरवून बाहेर पडणे.

जैन दर्शन छायेकडे वेगळ्या नजरेने पाहते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्द, अंधकार, छाया, आतप आणि उद्योत हे पुद्गलाचे पर्याय म्हणून सांगितले आहेत. छाया हा नुसता अभाव नव्हे, केवळ भासही नव्हे; ती पुद्गलाची एक अवस्था आहे. टीकाकारांनी आरशातील प्रतिबिंबही छायेतच घेतले आहे. म्हणजे छाया ही छाया म्हणून खरीच असते. चूक घडते ती तिला मूळ वस्तू मानताना. आरशातले मुख खोटे नसते. त्याला घास भरवू पाहणारा चुकलेला असतो.

‘छायाचित्र’ हा आपला शब्द या विचारात चपखल बसतो. पडद्यावरचा सुखीलाला निव्वळ खोटा आहे, असे म्हणून सुटका होत नाही. कारण ती छाया कशाची तरी आहे. ती कशाची आणि किती, हे पाहावे लागते.

चौकटीबाहेर राहिलेला हप्ता

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांनी मागणी केली ती वह्या आणि कर्जरोखे यांची आणि हाती आलेले कागद जाळून टाकले. धान्याची दुकानेही लुटली गेली. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखली जाते. पडद्यावरच्या सावकाराची छाया ज्या वस्तूची आहे, ती इथे सापडते.

शेतकऱ्यांच्या तक्रारी काल्पनिक नव्हत्या. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. व्याज साचत जाऊन कुळाचे नुकसान होऊ नये, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात अनेक सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. दिलेल्या पैशाची पावती न देणे, वहीत खोटा आकडा घालणे, अशाही तक्रारी नोंदल्या गेल्या.

तरीही हे संपूर्ण चित्र नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदुस्थानी कापसाला मोठी मागणी आली आणि खेड्यापाड्यांत कर्जाऊ पैसा सहज मिळू लागला. युद्ध संपताच भाव उतरले आणि मोठ्या पेढ्यांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने जमिनीची नवी आकारणी करून शेतसारा पुष्कळच वाढवला. सारा रोख भरायचा आणि ठरल्या मुदतीत भरायचा. पाऊस पडो वा न पडो. शेतकरी सावकाराच्या ओट्यावर अनेकदा येई तो हा सारा भरण्यासाठी. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने दोषाचे माप मुख्यतः सावकाराच्या पदरात घातले. सरकारी साऱ्याला त्याने कारण मानले नाही.

चित्रपटाच्या चौकटीला चार कडा असतात. सुखीलाला त्या कडांच्या आत बसतो. मामलेदार कचेरी, मुंबईचा कापूसबाजार आणि गावच्या सावकाराला भांडवल पुरवणारी शहरातली पेढी बाहेर राहते. चौकटीतले जे आहे त्यात तथ्य आहे. पण चौकट कोठे संपली, हे पडदा स्वतः सांगत नाही. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, तेव्हा न्यायालयाला कर्जाच्या व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याची मुभा मिळाली. केवळ रोख्यावरचा आकडा पाहून भागणार नाही, त्यामागची हकीकतही पाहावी लागेल, हे कायद्यानेही मान्य केले. चित्रपट पाहणाऱ्यालाही हेच करावे लागते.

क्षण आणि जात

सात नयांपैकी ऋजुसूत्र नय फक्त वर्तमान पर्याय पाहतो; मागचे आणि पुढचे त्याच्या कक्षेत येत नाही. कॅमेरा स्वभावतःच ऋजुसूत्री आहे. बोलपटाच्या फिल्मवर एका सेकंदात चोवीस चित्रे उमटतात आणि त्यातील प्रत्येक चित्र एकेका क्षणाचा पर्याय टिपते. ज्या द्रव्याचे हे पर्याय, ते द्रव्य, म्हणजे तो संपूर्ण मनुष्य, कोणत्याही एका चित्रात मावत नाही.

हे तुटक क्षण जोडले जातात ते संकलनाच्या टेबलावर. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या प्रयोगाची हकीकत चित्रपटाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली, शोक दिसला, वात्सल्य दिसले. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. उपाशी पोराच्या दृश्यानंतर वहीवर वाकलेला चेहरा दिसला की तो क्रूर वाटतो. तोच चेहरा आजारी नातवाच्या खाटेनंतर दाखवला, तर प्रेक्षकाला त्यात काळजी दिसेल.

यानंतर संग्रह नयाचे काम सुरू होते. संग्रह नय अनेकांतले सामान्य उचलतो. एका सुखीलालामध्ये प्रेक्षक सगळे सावकार पाहतो, मग सगळे व्यापारी पाहतो. सामान्य पाहणे हा दोष नाही. त्याखेरीज कथा शक्यच होत नाही. मात्र सामान्याच्या नादात विशेष नाकारला गेला, म्हणजे ज्याने सूट दिली, ज्याने रोखा फाडला, ज्याने व्याजावर व्याज घेतले नाही, तो मनुष्य अस्तित्वातच नव्हता असे वाटू लागले, की शास्त्रकार त्याला संग्रहाभास म्हणतात.

असे असले, तरी चित्रपटाला एकाच बाजूने बोलावे लागते असे नाही. बाबूरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला. त्यात मंद उजेडातली एक उदास झोपडी दुरून दिसते आणि कुत्र्याचे रडणे ऐकू येते. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांना हे दृश्य कायमचे लक्षात राहिले होते. त्या झोपडीपाशी कोणावर आरोप होत नाही. तिच्या दारिद्र्याला सावकार कारण, दुष्काळ कारण की सारा कारण, हे कॅमेरा सांगत नाही. तो फक्त दूर उभा राहतो. बाझँ यांना दूरवरची, न तुटणारी दृश्ये प्रिय होती, ती याचसाठी : त्यांत कोठे पाहायचे हे प्रेक्षकाला ठरवता येते.

वहीदेखील एक चित्र

इथे व्यापारी घरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वास्तवाचे चित्र काढणारा केवळ दिग्दर्शक नसतो. कीर्द आणि खतावणी ही देखील चित्रेच आहेत. वहीत तारीख असते, रक्कम असते, व्याजाचा दर असतो. त्या वर्षी पाऊस आला नाही, बैल मेला, मुलगी आजारी होती, हे वहीत नसते. आकडा खरा असतो आणि तरी तो व्यवहाराची एकच बाजू असतो. सुप्याच्या बाजारात वह्या जाळणाऱ्यांना त्या चित्रात आपला चेहरा कोठेच दिसत नव्हता. त्याच न्यायाने, चित्रपटात आपला संपूर्ण चेहरा दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या वहीत समोरच्याचा चेहरा किती उतरला, हेही पाहणे न्यायाचे होईल.

शिवाय सुखीलालावरचा मुख्य आरोप परक्याने शोधून काढलेला नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, आणि न्यासापहार, म्हणजे ठेव गिळणे, यांची नावे शास्त्रकारांनी स्पष्ट घेतली आहेत. अस्तेयाच्या अतिचारांत खोटी वजनेमापे येतात. हे नियम घरदार आणि दुकान सांभाळणाऱ्या श्रावकासाठी सांगितलेले आहेत. आपल्याच परंपरेने शतकानुशतके बजावून ठेवलेला दोष पडद्यावर दिसला, तर त्याला केवळ बदनामी म्हणता येत नाही.

‘आहेच’ आणि ‘आहे’

हेमचंद्राचार्यांनी विधानाच्या तीन पायऱ्या दाखवल्या आहेत. वस्तू अशी आहेच, हा दुर्नय. वस्तू अशी आहे, हा नय. वस्तू एका अपेक्षेने अशी आहे, हे प्रमाण. पहिल्या दोन पायऱ्यांत अंतर एका ‘च’ एवढेच आहे, परंतु सगळे भांडण त्या ‘च’मध्ये आहे.

चांगला वास्तववादी चित्रपट हा नय असतो. तो म्हणतो, सावकार असाही होता. त्यात ‘च’ बहुधा प्रेक्षक घालतो. सावकार असाच होता, असे नवी पिढी म्हणते. असा नव्हताच, असे वडीलधारी म्हणतात. दोन्ही दुर्नय आहेत आणि दोघांनाही आपण सत्य बोलत आहोत असे मनापासून वाटत असते.

ही सवय केवळ जुन्या चित्रपटांपुरती महत्त्वाची नाही. आज अर्ध्या मिनिटाची चित्रफीत हातातल्या फोनवर येते, तिच्यात एखादा दुकानदार गिऱ्हाईकावर ओरडताना दिसतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर त्याचा निवाडा झालेला असतो. उद्या त्या चौकटीत आपल्यापैकीच कोणी असू शकतो, किंवा आपण ज्याच्यावर रागावलो आहोत तोही. चित्रफीत पुढे पाठवण्याआधी ती कोठून सुरू झाली, कोठे थांबली, कोणत्या दृश्याशेजारी जोडली गेली आणि कोण तिच्याबाहेर राहिले, एवढे विचारायला फार वेळ लागत नाही.

मुलांबरोबर ‘मदर इंडिया’ पाहताना सुखीलाला आला की वडीलधाऱ्यांनी दूरचित्रवाणी बंद करण्याचे कारण नाही. चित्रपट संपल्यावर सुप्याची हकीकत सांगावी, साऱ्याचा हप्ता सांगावा, तीन वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या रोख्याचीही गोष्ट लपवू नये. घरात जुन्या वह्या जपून ठेवलेल्या असतील, तर त्या उघडून दाखवाव्यात. त्यांतील एखाद्या खात्यावर सूट दिल्याची नोंद सापडेल, एखाद्यावर न संपणारे व्याज सापडेल. मुलांनी दोन्ही वाचावे.