यंत्राचा हात, डॉक्टरची नजर

ऑपरेशन ‘रोबो’ करणार म्हटले की विठ्ठलवाडीच्या कामगार घरात दोन धास्ती शिरतात: यंत्र चुकले तर? आणि पैसे कुठून आणायचे?

पहिल्या धास्तीबद्दल आम्ही एवढेच सांगू की, रोबो आपल्या मनाने कापत नाही. सर्जन बाजूला बसून आतला भाग मोठा करून पाहतो. त्याची बोटे हलतील तशी यंत्राची बारीक हत्यारे हलतात. परळच्या टाटा रुग्णालयात हे तंत्र २०१४ साली आले. चीनमधील शिआन येथे २०१७ साली रोबोने एका बाईच्या जबड्यात दोन कृत्रिम दात स्वतः बसवले. तेव्हाही डॉक्टर जवळ उभे होते.

दुसरी धास्ती मात्र खरी आहे. यंत्र कोट्यवधींचे, हत्यारेही ठरावीक वेळाच वापरता येतात. तो भार बिलात येतो. म्हणून दागिने गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: हेच ऑपरेशन दुर्बिणीने होईल का? रोबोने आमच्या रुग्णाला नेमका फायदा काय? आपण अशी किती केलीत? एकूण खर्च किती? उत्तर पटले नाही, तर लोकलने मुंबई गाठून सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे; तो रुग्णाचा हक्क आहे.