दारावरील पहारा : कार्ड-प्रवेश व्यवस्थेविषयी थोडेसे

धर्मादाय रुग्णालयाचे दार गरजूंसाठी सदैव उघडे असावे, हे खरेच. तथापि नवजात शिशुकक्ष, शस्त्रक्रियागृह व औषधभांडार यांच्या दारांवर चोख पहाराही हवा. अशा दारांवरील कार्ड-प्रवेश व्यवस्थेविषयी देणगीदार व हितचिंतक आमच्याकडे विचारणा करीत असतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

या व्यवस्थेची अंगे चार : कार्ड, रीडर, नियंत्रक व कुलूप. कार्डात बारीक चिप व तारेचे वेटोळे असते. रीडरजवळ नेताच त्याच्या रेडिओलहरींतून कार्डाला वीज मिळते व ते आपला क्रमांक कळविते. तो क्रमांक कोणत्या दाराला, कोणत्या वेळी चालतो, हे नियंत्रक पडताळतो, कुलूप उघडतो आणि नोंद ठेवतो. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवल्यास क्रमांक रद्द केला की पुरे. उपनगरांतील कार्यालये व गृहसंकुले यांतही हेच तत्त्व वापरले जाते.

मात्र कुलूप निवडताना पहिला प्रश्न हा, की वीज गेल्यास दार उघडेल की बंद राहील? विद्युतचुंबकीय कुलूप वीजप्रवाह थांबताच सुटते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप बाहेरून बंदच राहते. आतून मात्र मुठीने उघडता येते.

मुंबईने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी कक्षाची दारे बंद करून सुमारे २० गर्भवती महिलांना सुरक्षित ठेवले. उलट, १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीतील मरोळच्या कामगार रुग्णालयास आग लागली, तेव्हा धुरात अडकलेल्यांना शिड्यांवरून उतरवावे लागले. अनेकांचे प्राण गेले. तेथे प्रश्न कुलपाचा नव्हता. परंतु धुरात बाहेर पडण्याची वाट किती मोलाची असते, हे त्या दिवशी दिसले.

म्हणून बाहेर पडण्याच्या मार्गावरील कुलपे अग्निसूचक यंत्रणेला जोडलेली असावीत, दाराशेजारी आपत्कालीन बटण असावे आणि वीज बंद करून त्यांची नियमित चाचणी व्हावी. औषधभांडारास दुसऱ्या प्रकारचे कुलूप योग्य.

यंत्र कार्ड ओळखते, माणूस नव्हे. आपले कार्ड दुसऱ्यास न देणे आणि आपल्यामागून अनोळखी व्यक्तीस आत न घेणे, एवढे सहकार्य सर्वांकडून लाभावे, ही नम्र विनंती.