आजीची रेसिपी, भट्टीवाल्याचं टेम्परेचर!

गेल्या वीकेंडला करी रोडला, आमच्या सतराव्या मजल्यावरच्या किचनमध्ये एक प्रीमियर पार पडला. हीरो : नवाकोरा ओव्हन. हिरॉइन : काजू-बदाम घातलेली नानकटाई. डिरेक्टर : आजी, वय ७८. रिझल्ट? पहिली बॅच सुपरफ्लॉप!

आता तुम्ही म्हणाल, कुकीज काय, मॉलमध्ये ढिगाने मिळतात. मिळतात हो. पण तुपाचा तो वास, तोंडात टाकताच विरघळणं, वर चिकटवलेली चारोळी... ते मला घरी हवं होतं. आजीला मापं तोंडपाठ होती. मी विचारलं, "आणि टेम्परेचर?"

"ते मला काय विचारतेस? भट्टीवाल्याला ठाऊक!"

तेव्हा ट्यूब पेटली. गिरणगावात नानकटाई घरी भाजली जायचीच नाही. चाळीतल्या एका खोलीत ओव्हन कुठला ठेवणार? गिरणीचा दिवाळी बोनस झाला की बायका मैदा, डालडा, पिठीसाखर घेऊन जवळची बेकरी गाठायच्या. परातीत फेसायचं, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि नंबर लागायची वाट बघायची. तोवर गप्पा, भांडणं आणि 'तुझी नानकटाई माझ्या डब्यात गेली'चे वाद! आजीने चाळीस वर्षं नानकटाई केली, पण भट्टीचं दार एकदाही उघडलं नाही.

"आणि संपाच्या वर्षी?" मी सहज विचारलं. आजीचा परातीतला हात थांबला.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दिवाळी आली तरी मिटला नव्हता. आजोबा घरी, बोनसचा प्रश्नच नाही. "आमच्या माळ्यावर सगळ्यांचीच तीच गत. मग एकीने मैदा काढला, एकीने डालडा, मी साखर दिली. अख्ख्या माळ्याचा मिळून एकच डबा. पोरांना दोन-दोन आल्या. तुझ्या आईने एक उशीखाली ठेवली होती, सकाळी मुंग्या!" आजी हसली. मला मात्र हसता आलं नाही.

असो. बॅक टू किचन! माझ्या चुका तुम्ही करू नका. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर सोडा आणि मीठ, वेलची-जायफळ. शिवाय ५० ग्रॅम काजू-बदाम, आधी हलके भाजून, गार करून, जाडसर कापलेले. तूप थिजलेलं हवं. मुंबईच्या उकाड्यात माझं पातळ झालं होतं, म्हणून पहिल्या बॅचचे पापड झाले. तूप-साखर पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत हाताने फेसा. त्यात पीठ मिसळा, पण तिंबू नका. पाण्याचा थेंबही नको, तुपामुळेच ती खुसखुशीत होते. लिंबापेक्षा लहान गोळे करून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर साधारण वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागतील. घाबरू नका, गार झाल्यावर घट्ट होतात. दुसऱ्या बॅचला मी घाबरले आणि दगड झाले!

तिसरी बॅच मात्र हिट. आजीने एक तोडली, तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "बरी आहे. पण भट्टीचा वास नाही."

तो वास आता आठवणीतच राहणार बहुतेक. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. शहराच्या फुप्फुसांसाठी ते हवंच होतं. तरी आजीला हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

ती मात्र डबा पुसत होती. "मजल्यावर घरं किती गं?"

"सहा."

"पोरं?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं राहतोय इथे! मी चप्पल घातली आणि समोरची बेल वाजवली. मागून आजीचा आवाज आला, "दोन-दोन दे. जास्त असतील तर अजून करू!"